जुन्या कुऱ्हाडीला नवी धार

आपल्या कुठल्याही जुन्या घरात शोधले तर माळ्यावर नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यात एक गंजलेली कुऱ्हाड हमखास सापडते. दांडा तुटलेला, पात्यावर गंजाचे पापुद्रे, धार अशी की तिने काकडीही धड चिरायची नाही. घराची साफसफाई निघाली की कोणीतरी म्हणते, "काय करायचंय हे लोढणं?" आणि ती भंगारवाल्याच्या तराजूत जाते. दोन पिढ्यांचे पोलाद किलोच्या भावाने विकले जाते. पुढे गावाकडे पावसाळ्यापूर्वी जळण फोडायची वेळ आली की आपण बाजारातून नवी, रंग दिलेली, हलक्या लोखंडाची कुऱ्हाड आणतो आणि चार दिवसांत तिची धार मुडपली म्हणून कपाळाला हात लावतो.

आमचे म्हणणे असे की जुनी कुऱ्हाड टाकू नये. घरात नसेल तर जुन्या बाजारातून आणावी. एक कानस, एक दगड आणि तीन-चार सुट्ट्यांचे दिवस एवढ्या भांडवलावर ती नव्याहून चांगली होते. कशी, ते या लेखात सांगणार आहोत. परंतु त्याआधी एका अडचणीबद्दल मोकळेपणाने बोलले पाहिजे, कारण ती अडचण लोखंडाची नाही, मनाची आहे.

वेठीची कुऱ्हाड

आपल्या आजा-पणजांच्या हातात कुऱ्हाड होती, पण ती स्वतःच्या मर्जीने नव्हती. वतनाच्या नावाखाली जी गावकामे आपल्या माणसांवर लादली गेली, त्यांत सांगावे पोहोचवणे, मेलेली ढोरे ओढणे, आल्यागेल्या अंमलदाराचे ओझे वाहणे आणि गावच्या मानकऱ्यांच्या दारात लाकडे फोडणे ही कामे होती. वेळ-अवेळ नाही, मजुरीचा ठराव नाही. घाम आपला, सरपण दुसऱ्याचे आणि मोबदल्यात शिळी भाकरी. १८७४ च्या वतन कायद्याने या गुलामीला सरकारी शिक्का मिळाला होता.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा असे समाजाला बजावले आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. तेव्हा ते मंजूर झाले नाही. पण २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आणि १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. कुऱ्हाड त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने आपली झाली.

तरीही आपल्यातल्या पुष्कळ शिकलेल्या मुलांना कुऱ्हाड हातात धरायला संकोच वाटतो. हा संकोच आम्ही समजू शकतो. ज्या कामासाठी आजोबांना 'अरे-तुरे' ऐकावे लागले, ते काम नातवाला नकोसे वाटणारच. परंतु एक फरक मनात पक्का केला पाहिजे. हलके होते ते काम नव्हे, हलकी होती ती वेठ. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवर बोट ठेवले ते याच ठिकाणी. ती नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे आक्षेप श्रमावर नव्हता, माणसाला जन्माने श्रमाला जुंपण्यावर होता. आज आपल्या घराचे लाकूड, आपल्या वेळेला, आपल्या मर्जीने फोडताना लाजायचे काहीच कारण नाही. लाजायचे असेल तर बोथट आणि खिळखिळी कुऱ्हाड घरात ठेवल्याबद्दल लाजावे, कारण तिच्याने माणसे जखमी होतात.

घेताना काय पाहावे

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरत आला आहे. तिथे, किंवा कोणत्याही तालुक्याच्या आठवडी बाजारात, भंगाराच्या ढिगात कुऱ्हाडीची पाती पडलेली असतात. दांड्याकडे पाहू नका, तो बदलायचाच आहे. पाते हातात घ्या आणि चार गोष्टी तपासा.

पहिली, नेढे. दांडा ज्या भोकात बसतो त्याला नेढे म्हणतात. त्याच्या कडेला चीर असेल तर ते पाते फुकट मिळाले तरी घेऊ नये. चीर बारीक असली तरी घावागणिक वाढते. दुसरी, पाठ. धारेच्या मागची बाजू ठोकून-ठोकून फुलासारखी पसरली असेल, तर त्या कुऱ्हाडीचा हातोडा म्हणून वापर झालेला आहे. अशा पात्याचे नेढे वाकडे झालेले असू शकते. तिसरी, रंग. धारेजवळ निळसर-जांभळा डाग असेल तर कोणीतरी ती यंत्राच्या चाकावर घासून तापवली आहे आणि तिचे पाणी उतरले आहे. चौथी, आवाज. पाते दोरीला टांगून दुसऱ्या लोखंडाने हलकेच वाजवा. निरोगी पाते खणखणते, तडकलेले बद्द वाजते.

वजनाचाही विचार करावा. घरात लाकूड फोडण्याचे काम बऱ्याचदा आया-बहिणींकडे असते आणि कुऱ्हाड मात्र गड्याच्या हाताची आणली जाते. किलो-सव्वा किलोचे पाते बहुतेकांना पुरते. जड कुऱ्हाडीने काम लवकर होते हा गैरसमज आहे. दमलेल्या हातातली जड कुऱ्हाड भलतीकडेच जाते.

आम्ही ज्या पात्यावर काम केले ते जुन्या बाजारातलेच. वजन दीड किलोच्या आत, धारेला दोन खाचे, नेढ्यात मोडक्या दांड्याचे खुंट अडकलेले.

खुंट जाळू नये

आपल्याकडे सरसकट एक चूक होते. नेढ्यात अडकलेले लाकूड निघत नाही म्हणून अख्खे पाते चुलीत टाकतात. लाकूड जळून जाते, पण पात्याचेही नुकसान होते. लोहाराने धारेला पाणी दिलेले असते, म्हणजे पोलाद लाल तापवून थंड पाण्यात बुडवून कडक केलेले असते. तसे कडक पोलाद पुन्हा सुमारे दोनशेतीस अंशांच्या पुढे तापले की मऊ पडू लागते. आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग तीनशेच्या सुमारास निळा असे रंग पृष्ठभागावर चढतात. निळा रंग आला की त्या जागेचा बराच कडकपणा गेला असे समजावे.

म्हणून खुंट काढायचा तो करवतीने आणि ठोकून. दांडा पात्याच्या खाली सपाट कापावा. पाते दोन विटांवर आडवे ठेवून नेढ्याखाली मोकळी जागा सोडावी आणि जाड लोखंडी सळीने खुंट ठोकून बाहेर काढावा. फार घट्ट असेल तर गिरमिटाने दोन-चार भोके पाडावीत, मग तो सुटतो.

गंज उतरवताना

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने जातो. पूर्वी रात्रभर रॉकेलमध्ये भिजत घालीत, आता रॉकेल सहज मिळत नाही. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाते एक दिवस बुडवून ठेवले तरी गंज मऊ होतो. मात्र दिवसाहून जास्त ठेवू नये, आंबट द्रव चांगले लोखंडही खातो. बाहेर काढल्यावर ब्रशने घासावे, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, लगेच कोरडे पुसावे आणि खायच्या तेलाचा हात फिरवावा. ओले ठेवले तर तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते.

पाते चकचकीत करायची गरज नाही. काळपट छटा राहिली तरी बिघडत नाही. पण धारेपासून तीन बोटे आतपर्यंतचा भाग मात्र स्वच्छ करावा, कारण तिथे एक महत्त्वाची गोष्ट दिसण्याची शक्यता असते. आमच्या पात्यावर गंज उतरल्यावर धारेपासून बोटभर आत एक पुसट रेघ दिसली. रेघेच्या अलीकडे लोखंड मऊ, पलीकडे चमक वेगळी. जुने लोहार अंगाला साधे लोखंड वापरून धारेच्या जागी पोलादाची पट्टी तापवून जोडीत, कारण पोलाद महाग असे. ती पट्टी म्हणजेच कुऱ्हाडीचे आयुष्य. ती झिजून संपली की कुऱ्हाड संपली. म्हणून धार लावताना गरजेपेक्षा एक घासही जास्त मारू नये.

कानस, गुण्या आणि दगड

धार लावण्याची खरी मेहनत आता सुरू होते. दहा-बारा इंची सपाट कानस घ्यावी आणि तिला मूठ बसवावी. बिनमुठीची कानस तळहातात घुसते. हातात चामड्याचे किंवा जाड कापडाचे मोजे घालावेत. पाते शेगड्यात पकडावे. शेगडा नसेल तर जाड फळीवर दोन खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये पाचरीने पाते घट्ट बसवावे. हलणाऱ्या पात्याला धार लागत नाही.

कानस पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना नाही. म्हणून परत आणताना ती उचलावी. पुढेमागे खसाखसा घासणारा आपली कानसच बोथट करतो. आधी खाचे जाईपर्यंत धारेची रेघ एकसारखी करून घ्यावी. खाचे अर्ध्या सेंटिमीटरहून खोल असतील तर कानसीने ते काम करू नये, लोहाराकडे जावे.

मग कोन. लाकूड फोडायच्या कुऱ्हाडीला दोन्ही बाजू मिळून सुमारे तीस अंशांचा कोन ठीक. त्याहून फार बारीक केला तर गाठीवर धार तुटते, फार जाड ठेवला तर कुऱ्हाड उसळते. कोन मोजायचा कसा? मुलांच्या कंपासपेटीत जो लांबट गुण्या असतो त्याचा एक कोपरा तीस अंशांचाच असतो. तो धारेशेजारी धरून उजेडात ताडून पाहावा. गुण्या नसेल तर कागदाच्या काटकोनी कोपऱ्याच्या तीन सारख्या घड्या घालाव्यात, एक घडी तीस अंशांची होते. शाळेतली भूमिती कुठे उपयोगाला येते असे विचारणाऱ्या मुलाला हे काम जरूर द्यावे.

आणखी एक सोपी युक्ती. धारेच्या उतारावर स्केचपेनने काळा रंग फासावा आणि कानस दोनदा चालवावी. रंग जिथे गेला तिथे कानस लागते, जिथे राहिला तिथे लागत नाही. यात अंदाजाला जागा राहत नाही. एका बाजूला वीस वेळा कानस मारली तर दुसऱ्या बाजूलाही वीस वेळा. उतार सपाट किंवा पोकळ करू नये, तांदळाच्या दाण्यासारखा किंचित फुगीर ठेवावा. फुगीर धार लाकडात अडकत नाही.

एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूला पोलादाची बारीक कड उलटलेली बोटाला जाणवते. बोट धारेवरून ओढू नये, धारेकडून बाहेरच्या दिशेने हलकेच टेकवून पाहावे. अशी कड पूर्ण लांबीवर आली की कानस थांबवावी आणि दगड हाती घ्यावा. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक कण असलेला दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्यावर पाणी टाकून गोल-गोल फिरवत दोन्ही बाजू घासाव्यात, आधी जाड बाजूने, मग बारीक बाजूने.

धार लागली की नाही हे ओळखायला अंगठा लागत नाही. पाते उजेडाकडे धरून धारेत सरळ पाहावे. बोथट धार उजेडात पांढऱ्या रेघेसारखी चमकते. लागलेली धार दिसतच नाही. जिथे अजून ठिपका चमकतो तिथे अजून काम शिल्लक आहे. आमच्या पात्याला इथपर्यंत यायला दोन रविवार लागले. यंत्राच्या चाकावर हे काम पाच मिनिटांत होते हे खरे, पण त्याच पाच मिनिटांत धारेचे पाणीही उतरते. चाकाशिवाय गत्यंतर नसेल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाते पाण्यात बुडवावे.

लोहाराकडे जावे लागले तर घिसाडी कुटुंबे गावोगाव फिरून हे काम करतात. ती भट्टीत पाते तापवून, ठोकून, पाणी देऊन 'पाजवून' देतात. भाता आणि घण चालवणाऱ्या तिथल्या बायका पाहिल्या म्हणजे कष्टाला स्त्री-पुरुष नसतो हे कळते. हा समाज भटक्या जमातींच्या यादीत आहे आणि आपल्याइतकाच उपेक्षेत वाढलेला आहे. त्यांच्या कामाची घासाघीस करू नये. आपल्या आजोबांना जी मजुरी मिळाली नाही, ती दुसऱ्या कष्टकऱ्याला देताना आपला हात आखडता नसावा.

दांडा आणि पाचर

दांड्याला धावडा सर्वांत चांगला, बाभूळही चालते. लाकूड वाळलेले हवे. ओल्या लाकडाचा दांडा आज घट्ट बसतो आणि महिन्याभराने सैल होतो. रेषा दांड्याच्या लांबीला सरळ धावणाऱ्या हव्यात. तिरक्या रेषांचा दांडा पहिल्या कठीण ओंडक्यावर मोडतो. गाठ नको. रंग दिलेला दांडा घेऊ नये, रंगाखाली चीर लपते आणि हाताला फोड येतात. फोडायच्या कुऱ्हाडीला अठ्ठावीस ते तीस इंच लांबी पुरे.

दांड्याचे टोक नेढ्याच्या आकाराला तासून घ्यावे आणि वरून पाचरीसाठी चीर पाडावी. मग दांडा उभा, पाते खालच्या बाजूला लोंबते धरावे आणि दांड्याच्या मोकळ्या टोकावर लाकडी हातोड्याने ठोकावे. पाते हवेत असूनही ते दांड्यावर चढत जाते. जड पाते जागचे हलायला तयार नसते आणि दांडा त्याच्यात शिरतो, हा जडत्वाचा नियम. वर निघालेल्या टोकात सुक्या कठीण लाकडाची पाचर ठोकावी. खिळा ठोकू नये, खिळ्याने दांडा उभा चिरतो.

दांडा सैल झाला की कुऱ्हाड बादलीत भिजत घालायची सवय आपल्याकडे घरोघर आहे. लाकूड फुगून पाते घट्ट बसते, परंतु वाळल्यावर ते पहिल्याहून जास्त सैल होते. अशी भिजवलेली कुऱ्हाड उन्हात काम करता-करता वाळते आणि पाते उडून जाते, ते समोर बसलेल्या लेकरावर. यात अतिशयोक्ती नाही. पाचर ठोकायला दहा मिनिटे लागतात, ती वाचवू नयेत.

शेवटी दांड्याला जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गोळा झालेली फडकी आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपल्या सभांतून फितुरांसाठी वारंवार ऐकू येते. लाकडाचाच दांडा लाकडाच्या मुळावर उठतो, हे खरेच आहे. पण दांडा कोणाच्या हातात आहे हाही प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या हातातला दांडा आपल्याच चुलीसाठी चालतो.

वापरताना

कुऱ्हाड लाकूड फोडायला आहे, झाड तोडायला नव्हे. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याने ठरावीक झाडे आणि १९७५ च्या कायद्याने शहरी भागातली झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वाळके, पडलेले लाकूड घ्यावे. ते जमिनीवर न ठेवता रुंद ओंडक्यावर उभे ठेवावे, म्हणजे चुकलेला घाव ओंडक्यात जातो, पायावर येत नाही. पायात चपला नकोत, बूट हवेत. मुलांना लांब उभे करावे. सुरू करण्यापूर्वी दर वेळी पाते हाताने हलवून पाहावे. काम झाल्यावर पाते पुसून तेलाचा हात द्यावा आणि धारेवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवावा. दारू प्यालेल्या माणसाच्या हातात कुऱ्हाड कधीही देऊ नये. पंचशीलातले पाचवे शील पाळणाऱ्या घरात हे सांगावे लागू नये, तरी सांगतो.

सुत्तातली कुऱ्हाड

भगवान बुद्धांच्या उपदेशात सुतार-लोहारांची अवजारे जागोजागी येतात, कारण ऐकणारे कष्टकरी होते. सुत्तनिपातातल्या कोकालिक सुत्तात वाईट वाणीला कुठारीची, म्हणजे कुऱ्हाडीची उपमा दिली आहे. दुर्वचनी माणूस तिने स्वतःलाच छाटतो, असा तिचा आशय. आपला 'कुऱ्हाड' हा शब्द त्या पाली कुठारीचाच सोयरा. संयुत्त निकायात सुताराच्या वासीचा, म्हणजे वाकसाचा दाखला आहे. सुताराच्या बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे तिच्या मुठीवर उमटलेले असतात. आज किती झिजले, काल किती झिजले, हे त्याला सांगता येत नाही, पण झिजले हे मात्र दिसते. मनातले विकारही रोजच्या साधनेने असेच झिजतात.

आमच्या पात्यातून काढलेल्या त्या मोडक्या खुंटावरही कोणाच्या तरी हाताची झीज होती. तो हात वेठीला जुंपलेला होता की मजुरीचा, हे सांगायला आता कोणी नाही. पण लाकूड इतके गुळगुळीत व्हायला उभे आयुष्य जाते.

म्हणून समाजबांधवांना आमची विनंती आहे. माळ्यावरची कुऱ्हाड या सुट्टीत खाली काढा. आजोबा हयात असतील तर त्यांना शेजारी बसवा, गुण्या नातवंडाच्या हातात द्या आणि कानस आळीपाळीने चालवा. धार लागेपर्यंत ही कुऱ्हाड कोणासाठी चालत होती आणि कोणामुळे थांबली, हे मुलांना सांगून होईल. ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. जयभीम.